पाहणीपुरतं पाळणाघर

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी रक्तदाब १५२/९४. डॉक्टरांनी सांगितलंय की रोज आकडा लिहायचा आणि त्याखाली त्या दिवशी मनाला काय लागलं तेही लिहायचं, म्हणजे कशाने चढतो ते कळेल. आकडा लिहायची मला सवय आहे. एकतीस वर्षं विद्यापीठाचं भांडार सांभाळतोय, खडूच्या पेटीपासून लोखंडी कपाटापर्यंत सगळं माझ्या हातून जातं. मनाला काय लागलं हे लिहायची सवय नाही. तरी बघतो.

आज लागलं ते असं. कुलसचिवांनी बोलावलं. आमच्याकडे 'महिला समता कक्ष' चार वर्षांपासून आहे, म्हणजे फाइल आहे. त्याची पाहणी करायला सहा मार्चला बाहेरून समिती येणार. त्यांच्या तक्त्यात 'कर्मचारी व संशोधक महिलांच्या मुलांसाठी पाळणाघर' असा रकाना आहे, आणि त्या रकान्यात आपण चारही वर्षं 'आहे' लिहून पाठवलंय. आता ते असायला हवं. पाळणा ही वस्तू आहे, वस्तू आली की भांडार आलं, म्हणून त्या कक्षाचा समन्वयक मी.

मी म्हटलं, साहेब, मी पुरुष आहे. ते म्हणाले, समतेत असं बघायचं नसतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

१५०/९२. जेवताना घरी सांगितलं. ही इतकी हसली की तिला उचकी लागली. सूनबाई मात्र हसली नाही. बाळाला भरवता भरवता तिचा हात थांबला. कितव्या महिन्यापासूनची मुलं घेणार, किती वाजता उघडणार, संशोधक विद्यार्थिनींना चालेल का, असं सगळं तिने बारकाईने विचारलं. माझ्या कामात घरच्या कुणी एवढा रस घेतल्याचं आठवत नाही. बरं वाटलं.

मी माझं मतही सांगितलं. ज्या घरात आजी आहे त्या घराला पाळणाघर कशाला? बिचाऱ्या ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी ते. ही बाळाला उचलायला उठली तेव्हा तिचा गुडघा कट्‌कन वाजला, तेवढंच.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

समितीची माणसं वयस्कर असतात, फार चालवू नये, म्हणून कुलसचिवांनी त्यांच्याच केबिनशेजारची पाहुण्यांची खोली दिली आहे. कामाला लागलो. क्रीडा विभागाकडून कुस्तीच्या गाद्या आणल्या. पाळणा कुठेच मिळेना. शेवटी नाट्य विभागाने एक दिला, एका नाटकातला. दिसायला राजघराण्यातला, पण तळ पुठ्ठ्याचा. त्यात कुणाला ठेवायचं नाही अशी चिठ्ठी लावली.

दुपारी रसायनशास्त्राच्या मॅडम आल्या. त्यांची वर्षाची मुलगी त्यांच्या खोलीत काचसामानाच्या खोक्यात बसते. खोक्यावर 'सांभाळून' असं छापलेलंच आहे, त्या म्हणाल्या, वेगळं लिहावं लागलं नाही. त्यांचं म्हणणं, पाळणाघर आत्तापासूनच सुरू करा. मी समजावलं की ते पाहणीपुरतं आहे. त्या म्हणाल्या, "काका, न वापरलेलं पाळणाघर समितीला दारातूनच ओळखू येईल. गाद्यांवर डाग नकोत का?"

मुद्दा बिनतोड होता. कुलसचिवांनाही पटला. ते म्हणाले, डाग पडू द्या, पण नियंत्रणात.

बुधवार, १२ फेब्रुवारी

१४८/९२. पाळणाघर सुरू झालं. प्रवेशाचे अर्ज रसायनवाल्या मॅडमनी गोळा करून आणले. मी त्यावर धडाधड सह्या केल्या. अर्ज वाचणं भांडारपालाचं काम नाही, सामान मोजून घेणं हे काम. सात मुलं, बरोबर भरली.

मुलं सांभाळायला आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या सिस्टर आल्या आहेत. चाळीस वर्षं इंजेक्शनं दिल्यामुळे समोरच्याला पालथा करायच्या नजरेनेच त्या बघतात. त्यांचा पहिला नियम, बूट घालून आत पाऊल टाकायचं नाही. माझे बूट नाडीचे. सकाळी ते पायात घालायला मला पलंगाची कड आणि दहा मिनिटं लागतात, पोट मध्ये येतं. दिवसातून चार वेळा कोण काढणार? तेव्हा मी दारातूनच कारभार बघतो. दारातून अर्धी खोली दिसते, उरलेली अर्धी कपाटाच्या आड जाते. चालतंय.

मुलांना नंबर दिले. चिठ्ठ्या मनगटाला बांधणार होतो. सिस्टरांनी त्या माझ्याच मनगटाला बांधायची तयारी दाखवली, तेव्हा पिशव्यांना बांधल्या. संध्याकाळी कळलं, सात नंबरच्या मुलाने आपली चिठ्ठी चघळून खाल्ली. पहिल्याच दिवशी. काही मुलांना घरचं वळणच नसतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

१४४/९०. सुट्टी. मुलगा शनिवारी येतो तसा आला होता, त्याची नोकरी परगावी. बाळाला वरचा दात आलाय आणि ते अचानक टाळ्या वाजवायला लागलंय. त्याला 'वाजव रे वाजव, झाला एक वाजव' असं काहीतरी म्हटलं की वाजवतं. कुणी शिकवलं विचारलं तर मुलगा म्हणाला, आपोआप शिकला असेल. बुद्धी आमच्याकडून आली आहे.

ही हल्ली खूश असते. चार दिवसांत माझ्यावर एकदाही खेकसली नाही. दुपारी मी फोन केला तर आवाज झोपेतून उठल्यासारखा येतो. मी मागच्या महिन्यात गुडघ्यासाठी तेल आणून दिलं होतं, त्याचा गुण असणार. आपण काही करतो ते वाया जात नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

१५४/९४. आज चढला. नियमाप्रमाणे पाळणाघरातलं प्रत्येक खेळणं दारात मागवून त्यावर 'विद्यापीठ मालमत्ता' असा जांभळा शिक्का मारला. शाई वाळायच्या आत सात नंबरने बदक तोंडात घातलं. सिस्टरांनी मला दारात उभं करून ऐकवलं. मी म्हटलं, ज्याला बदक आणि बिस्किट यातला फरक कळत नाही त्याच्या आईबापांना बोलवा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, बोलावते एक दिवस.

घरी आलो तर आमच्या बाळाची हनुवटी जांभळी. हिला विचारलं. बीट खाल्लं म्हणाली. मी म्हटलं, मग ताटात बीट कुठे आहे? म्हणाली, संपलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

१४६/९०. पाळणाघराचा आवाज कुलसचिवांच्या केबिनमध्ये जातो. पहिल्या आठवड्यात त्यांनी तीन बैठका सोडून दिल्या. आता उलट झालंय. एक ते तीन मुलं झोपतात आणि त्या वेळात कुणी मोठ्याने बोललं तर सिस्टर दार उघडून नुसत्या उभ्या राहतात. त्यामुळे परीक्षा विभागाची दोन वर्षं रखडलेली भांडणं कुजबुजत मिटली. कुजबुजत भांडायला फार दम लागतो.

दुपारी वनस्पतिशास्त्राच्या इमारतीत टेबलं मोजायला गेलो तर जिन्यात सूनबाई. हातात प्लॅस्टिकचा डबा, गळ्यात भिंग. बाळ होण्याआधी तिचं तिथे संशोधन चालू होतं. विचारलं तर म्हणाली, जुनं पुस्तक परत करायला आले होते. लिपिक म्हणाला, रोज येतात. बरीच पुस्तकं राहिलेली दिसतात. वेळेवर परत केली असती तर अशी पायपीट पडली नसती, पण मी काही बोललो नाही. सुनेला टोचून बोलणारा सासरा मी नव्हे.

सोमवार, ३ मार्च

१५८/९६. कुलसचिवांना सात मुलं कमी वाटतात. तक्त्यात बारा लिहिली आहेत. पाच कुठून आणायची? मी म्हटलं, भांडारात मुलांचा साठा नसतो. ते म्हणाले, बघा काहीतरी. दोन लेखनिकांनी कबूल केली, एक माळ्याची नात, एक टपालवाल्याचं. पाचवं मिळेना. शेवटी शिपाई म्हणाला, माझी पुतणी आहे, चणीने लहान आहे. कितवीत? चौथीत. मी म्हटलं, बसवून ठेव. कोण वय विचारतंय.

गुरुवार, ६ मार्च

आकडा घेतला नाही. घ्यायची हिंमत झाली नाही.

समिती अकराला आली. दोन गृहस्थ आणि एक अध्यक्षबाई, उंच, संख्याशास्त्रातल्या. गृहस्थांना चहा लागला, बाईंना काहीच लागलं नाही. कुलसचिव पुढे, मी मागे. दारापाशी बाईंनी चपला काढल्या, कुलसचिवांनीही काढल्या, आणि सगळे माझ्या बुटांकडे बघायला लागले. शेवटी शिपायाने गुडघ्यावर बसून माझ्या नाड्या सोडल्या. एकतीस दिवस समन्वयक होतो, आज पहिल्यांदा आत गेलो.

बाई सरळ शिपायाच्या पुतणीपाशी गेल्या. ती गादीवर खुळखुळा घेऊन बसली होती, गुडघे हनुवटीला टेकलेले. किती वर्षांची तू, असं त्यांनी विचारलं. पोरगी प्रामाणिक निघाली. म्हणाली, नऊ, आज माझी गणिताची चाचणी होती, पण काकांनी सांगितलं इथे बसून बोबडं बोल. कुलसचिवांना खोकला आला.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि नाटकाच्या पाळण्याला हात लावला. तळ खाली पडला. मी म्हटलं, त्यावर चिठ्ठी आहे. त्यांनी चिठ्ठी वाचली, तेही लिहून घेतलं.

तेवढ्यात कपाटाआडून एक मूल रांगत आलं. सरळ माझ्याकडे. माझी पँट धरून उभं राहिलं, वर बघितलं आणि म्हणालं, "आबा."

सिस्टर म्हणाल्या, सात नंबर. हनुवटीवर अजून फिकट जांभळं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, याची तुमची चांगली ओळख दिसते. मी म्हणालो, हो, घरून आहे. आणि त्याने हात वर केले म्हणून त्याला उचललं. न उचलून काय करणार होतो.

मग बाईंनी सिस्टरांना विचारलं की खरी मुलं किती. सात. किती बायकांनी अर्ज केला होता? सिस्टरांनी रसायनवाल्या मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, अठ्ठेचाळीस. हा आकडा मी पहिल्यांदा ऐकला. बहुतेक कुलसचिवांनीही. बाईंनी तो लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. नंतर त्या मांडी घालून गादीवर बसल्या. मुलांना किती वाजता खायला देता, आया किती वाजता येतात, पाजायला आल्या तर बसायला जागा कुठे, असं अर्धा तास विचारत राहिल्या. सिस्टर कुणालाही मॅडम म्हणत नाहीत, त्यांना म्हणाल्या.

शुक्रवार, ७ मार्च

१६०/९८. काल घरी जे झालं ते काल लिहवलं नाही.

मी बाळाला कडेवर घेऊनच घरी गेलो. दार हिने उघडलं. आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, चहा टाकते. मी रागावलो होतो. इतका की कशापासून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून बीटपासून केली. बीट खोटं, पुस्तकं खोटी, आपोआप शिकलेल्या टाळ्या खोट्या. आजी घरात असताना माझा नातू कुस्तीच्या गादीवर! आणि हे माझ्यापासून लपवायचं? मुलाला माहीत, सिस्टरांना माहीत, शिपायालासुद्धा माहीत. सगळ्या विद्यापीठात मी एकटा वेडा.

ही कप ठेवून समोर बसली. तिने आवाज चढवला नाही.

"दहा महिने मी एक दुपार आडवी झाले नव्हते. माझे गुडघे तुमच्या तेलाने बरे झालेले नाहीत, बाळाला उचलायचं थांबवलं म्हणून झाले. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. म्हणून विचारलं नाही. सही मात्र तुमचीच घेतली, अर्ज बघा."

अर्ज आज कचेरीत काढून बघितला. नंबर सात. आईचा विभाग वनस्पतिशास्त्र, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, खाली माझी सही. चांगली वळणदार आली आहे.

काल हे चाललं होतं तेव्हा सूनबाई दारात उभी होती. ती म्हणाली, उद्यापासून नाही नेणार त्याला. मग म्हणाली, "बाबा, माझी दोनच प्रकरणं राहिली आहेत. जूनपर्यंत मुदत आहे. तुम्ही म्हणाला होतात, बाळ आधी मोठं होऊ दे. मी विचारलं होतं, किती मोठं. तुम्ही पेपर वाचत होतात."

मला ते आठवत नाही. पण पेपर वाचत असणार, ते खरं.

आज सकाळी बाळाची पिशवी दाराशी नव्हती. मी चपला घालून निघालो, जिन्यात थांबलो, परत वर गेलो. म्हटलं, पिशवी कुठे आहे? उशीर होतोय.

सोमवार, १० मार्च

१५२/९२. आदेश आला. मी तो चारदा वाचला. 'समितीची पाहणी पूर्ण झाली असल्याने सदर कक्ष तात्काळ रिकामा करून सर्व साहित्य भांडारात जमा करावे. कक्षात अतिथींसाठी सोफा मांडण्यात येईल.' कुलसचिव अठ्ठेचाळीस या आकड्यावर चिडलेले आहेत. तो आकडा कुणी कशाला बाहेर काढला, असं म्हणतात.

मी रसायनवाल्या मॅडमना सांगायला गेलो. त्या काचेच्या नळीत काहीतरी निळं ओतत होत्या. ऐकून त्यांनी हात थांबवला नाही, ते पुरं ओतलं, बूच लावलं आणि मग खुर्चीवर बसल्या. काचसामानाचं खोकं कुठे टाकलंय ते शोधायला हवं, एवढंच म्हणाल्या. ती मुलगी आता चालायला लागली आहे. खोक्यात राहायची नाही.

घरी मी सांगितलं नाही. हिने विचारलं, चेहरा का असा? मी म्हटलं, नाडी घट्ट झाली. तिने माझ्या चपलांकडे बघितलं.

मंगळवार, ११ मार्च

१५६/९४. दिवसभर आदेश खिशात घेऊन फिरलो. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. एकतीस वर्षांत वरून आलेला कागद मी एकदाही अडवलेला नाही. सांगतील ते द्यायचं, सांगतील ते घ्यायचं, पावती फाडायची. माझ्याबद्दल सगळे हेच चांगलं बोलतात. दुसरं काही बोलत नाहीत.

सिस्टर म्हणाल्या, मी घरी जाईन, मला काय, पण ती तीन नंबरची आता कुठे माझ्या हाताने खायला लागली होती. त्यांचा डोळा पुसताना मी बघितलं. त्यांनी मला बघताना बघितलं आणि म्हणाल्या, चपला.

मग मी भांडारात येऊन बसलो. मोठी लांब खोली, दोन्ही बाजूंना खिडक्या, उन्हं सरळ आत येतात. खुर्च्यांवर पडतात, मोडक्या. आदेश पुन्हा काढला. सर्व साहित्य भांडारात जमा करावे. त्यात कुठेही असं लिहिलेलं नाही की मुलांनी घरी जावे.

बुधवार, १२ मार्च

मोजायला वेळ मिळाला नाही. सकाळी सातला शिपाई, माळी आणि मी आलो. मोडक्या खुर्च्या सायकलींच्या छपराखाली नेल्या. भांडार झाडून, पुसून घेतलं. खिडक्यांच्या खालच्या अर्ध्या भागाला जाळ्या लावल्या. माझं टेबल व्हरांड्यात. मग आदेशाप्रमाणे गाद्या, खेळणी, बदक, बिनतळाचा पाळणा, सगळं भांडारात जमा करून घेतलं आणि कक्ष रिकामा केल्याचा अहवाल साडेनऊला कुलसचिवांच्या टेबलावर ठेवला.

दहाला मुलं आली. त्यांना आदेशाचं कुणी सांगितलंच नव्हतं.

सूनबाई बाळाला घेऊन आली तेव्हा मी व्हरांड्यात टेबलाशी होतो. ती उंबऱ्यावरून आत बघत राहिली. मग म्हणाली, बाबा, तुमचं टेबल उन्हात आलंय. मी म्हटलं, डॉक्टरांनी ऊन घ्यायला सांगितलंय. सांगितलेलं नाही, पण हरकत घ्यायचं कारण नाही.

शुक्रवार, १४ मार्च

१४८/९०, आश्चर्य. कुलसचिव स्वतः आले. सोफ्यासाठी टीपॉय हवा होता. भांडाराच्या दारात त्यांचे पाय थबकले. आत पाच मुलं झोपलेली, एक रडतंय, एक माझ्या खडूच्या पेटीतला खडू खातंय. ते आमचंच.

"हे काय आहे?"

"साहित्य जमा केलंय, साहेब."

"आणि ही मुलं?"

"साहित्याबरोबर आली."

मला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही. ते बरंच काही बोलले. मी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी आवाज चढवला तेव्हा सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि बाकीचं त्यांना कुजबुजत बोलावं लागलं. दुपारी कारणे दाखवा नोटीस आली. भांडाराचा गैरवापर. सात दिवसांत खुलासा.

नोटीस घरी दाखवली. आयुष्यातली पहिली. मुलाने फोनवरून वकील बघतो म्हटलं. हिने ती दोनदा वाचली आणि कपाटात बाळाच्या जन्मदाखल्याशेजारी ठेवली. जेवताना पहिली गरम पोळी मला वाढली. एरवी ती बाळाला असते.

गुरुवार, २० मार्च

१४२/८८. खुलासा लिहिला. रसायनवाल्या मॅडमनी चार पानी मसुदा दिला होता, त्यात समता, हक्क, संविधान असं सगळं होतं. उत्तम होता. पण मला तो माझा वाटेना. मी दोनच ओळी लिहिल्या: भांडारात सध्या सात मुले आहेत, सुस्थितीत. ती ठेवायला विद्यापीठात दुसरी जागा असल्यास कळवावे, मी स्वतः पोचवून देईन.

आज व्हरांड्यात एक तरुण प्राध्यापक येऊन उभे राहिले, भूगोलाचे, कडेवर आठ महिन्यांची मुलगी. बायको दवाखान्यात रोज नऊ तास नोकरीला असते. ते घुटमळत म्हणाले, काका, हा कक्ष महिलांचा ना, मग बापाने आणलेलं चालतं का? मी नियम काढला. महिलांच्या मुलांसाठी असं लिहिलंय. मी विचारलं, हिची आई महिलाच ना? मग झालं तर. आठ नंबर.

बुधवार, २ एप्रिल

१३८/८६. समितीचा अहवाल आला. चाळीस पानं. एकोणचाळीस पानांत आमची हजेरी घेतली आहे. खोटी माहिती, कागदी कक्ष, चौथीतल्या मुलीचं शैक्षणिक नुकसान, ते सगळं आहे. एका पानावर लिहिलंय की पाळणाघर मात्र खरंच चालतं आणि ते चालवणाऱ्या परिचारिकेकडून विद्यापीठाने बरंच शिकावं. सहा महिन्यांनी पुन्हा येणार, तेव्हा अठ्ठेचाळीसपैकी किती मुलांना जागा मिळाली ते बघणार.

कुलसचिवांनी मला बोलावलं. खुर्ची दिली. म्हणाले, पाळणाघर पहिल्यापासून आपल्या मनात होतंच. आता ते परत शेजारच्या खोलीत आणा. मी सिस्टरांना निरोप दिला. सिस्टर म्हणाल्या, तिथे ऊन येत नाही, मी हलणार नाही. मी ते कुलसचिवांना सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही आदेश द्या ना. मी म्हटलं, साहेब, तुम्ही द्या.

शेवटी असं ठरलं की सिस्टर भांडारात राहतील आणि शेजारच्या खोलीत आणखी दहा मुलांचा दुसरा वर्ग निघेल. सोफा छपराखाली, मोडक्या खुर्च्यांच्या सोबतीला. माझ्या नोटिशीचं काय झालं, असं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ती फाइलमध्ये असेल. अठ्ठेचाळीसमधल्या उरलेल्या एकतीसजणींचं काय, हेही कुणी बोललं नाही. ते मी उद्या विचारणार आहे.

सोमवार, ७ एप्रिल

१३६/८४. दुपारी मुलं झोपली होती. सूनबाई बाळाला बघायला आली आणि परत निघाली. मी म्हटलं, जरा थांब. तुझं संशोधन नेमकं कशावर आहे? चार वर्षं ती आमच्या घरात आहे, पण विचारायचं राहून गेलं होतं.

तिला वाटलं मी गंमत करतोय. मग म्हणाली, शेवाळावर. भिंतीवर येतं ते. मी म्हटलं, ते? ते तर आम्ही दरवर्षी खरवडून काढतो. ती म्हणाली, माहीत आहे, बाबा. या इमारतीची मागची भिंत मी तीन वर्षं मोजते आहे आणि तुमची माणसं तीन वर्षं ती खरवडत आहेत.

मला मागे घेऊन गेली. भिंतीपाशी बसायला लावलं, गळ्यातलं भिंग माझ्या डोळ्याला लावलं आणि म्हणाली, डोकं अजून जवळ न्या. आधी नुसतं हिरवं दिसलं. मग एकदम झाडं दिसली. देठ, पानं, एकेका देठाच्या टोकाला टोपी घातलेली इवलीशी कुपी, एका पानावर पाण्याचा थेंब, आणि त्या थेंबाच्या कडेने कुणीतरी सहा पायांचा चाललेला, कामावर उशीर झाल्यासारखा. ती बाजूला बसून सांगत होती, यातलं कोण आधी येतं, कोण कुणाला जागा करून देतं, उन्हाळ्यात मेल्यासारखं पडून राहतं आणि पाण्याचा एक शिंतोडा मिळाला की कसं उठतं. तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. चतुर्थांश कळलं. उरलेलं उद्या परत सांगशील का, असं विचारलं. हो म्हणाली.

मग मला उठता येईना. सूनबाईने एक हात धरला, सिस्टरांनी दुसरा, भूगोलाच्या सरांनी मागून रेटा दिला, तेव्हा उठलो.

चारला रंगारी आला, बांधकाम विभागाने पाठवलेला, हातात खरवडणी आणि चुन्याची बादली. मागची भिंत आज करायची म्हणाला. मी त्याला सांगितलं, ती भिंत वापरात आहे, दुसरी बघ.